हुजूरचं हँडल

आश्विनातला वारा आमच्या मागच्या दारावर आदळला की दाराला टेकू म्हणून लावलेलं लोखंड खणकन फरशीवर पडतं. दरवर्षी पडतं. सोयाबीनच्या काढणीचा भुसा हवेत तरंगत असतो, धाराशिवकडच्या आमच्या वाशीच्या बाजारात ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग लागलेले असतात, परतीचा पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही, आणि नेमका माझा डोळा लागत असताना ते लोखंड पडतं. माझी बायको शांता आतून ओरडते, "अहो, ते पंपाचं लोखंड लावा की दाराला!" मी उठतो, दोन ठिकाणी काटकोनात वळलेला तो हातभर लांब गज उचलतो, दाराला लावतो आणि पुन्हा आडवा होतो. झोप येत नाही. कारण ते लोखंड पंपाचं नाही. ते एका जुन्या मोटारीचं हँडल आहे, आणि त्या हँडलापायी मी एका निर्दोष माणसाला चोर ठरवलेलं आहे.

आता मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. 'खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. अक्षर सुंदर होतं माझं, इन्स्पेक्टरसुद्धा नावाजायचे. वाक्याचं काय करायचं ते मात्र मला जमलं नाही.

त्या मोटारीला आम्ही 'हुजूर' म्हणायचो. निजामाच्या राज्यात तहसीलदारी केलेल्या एका गृहस्थांची ती काळी विलायती मोटार. राज्य गेलं, काही वर्षांनी साहेबही गेले, मोटार उरली. माझ्या वडलांनी, दादांनी, ती धाराशिवहून आणली तेव्हा धाराशिवला सगळे उस्मानाबादच म्हणत. दोन्ही अंगाला रुंद पायदानं, रबराच्या फुग्याचा भोंगा, बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दिवे. वळायचं झालं की दाराच्या खांबातून एक लहानसा पिवळा हात बाहेर यायचा. तो निम्म्या वेळा अडकायचा आणि मग आतल्या माणसानं स्वतःचा हात बाहेर काढायचा. आत चामड्याचा, पेट्रोलचा आणि कुणीतरी कधीतरी ओढलेल्या सिगारेटचा मिळून एक वास होता. पाच-सहा कोस गेलं की रेडिएटर उकळायचं. म्हणून पाण्याची कळशी कायम पायाशी. चढावर माणसं उतरायची, उतारावर बसायची. तिच्या वेगाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं, बैलगाडीवाले मागून हाका मारायचे, "मालकांच्या पोरा, ढकलू का?"

'हुजूर' हे नाव ठेवलं बशीर मिस्त्रीनं. बाजाराच्या कोपऱ्यावर लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. तालुक्यात इंजिन नावाची जी काही वस्तू होती, मग ती जीप असो, गिरणी असो की विहिरीवरचा पंप, ती बिघडली की बशीर मिस्त्रीकडं यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. हडकुळे, हात मात्र बलुत्यातल्या सुतारासारखे. ते म्हणायचे, "ह्याच्याम्होरं वाकल्याबिगर ह्यो हलतच न्हाय. मग हुजूर न्हाय तर काय?" खरंच होतं. मोटार चालू करायची तर पुढच्या बाजूला जाऊन, कमरेत वाकून, खालच्या भोकात ते हँडल घालायचं आणि फिरवायचं. कलेक्टर असो की हमाल, हुजूरपुढं प्रत्येकाला वाकावं लागे.

हँडल कसं धरायचं हे मला त्यांनीच शिकवलं. "आंगठा बाहेर ठेवा, छोटे मालक. बोटांच्या संगट. मूठ आवळू नका. हुजूर उलटी लाथ मारतो, मनगट मोडून हातात देतो." मी अंगठा आत घालायचो, ते माझ्या हातावर पान्यानं टकटक करायचे. "आंगठा!" टक. "आंगठा!" टक. शेवटी सवय लागली. आजही मी पाण्याची बादली उचलतो ती अंगठा बाहेर ठेवून.

हे सगळं आता आठवायचं कारण माझ्या मुलाची नवी गाडी. विक्रम धाराशिवला असतो, बांधकामाचं साहित्य विकतो. यंदा नवरात्राच्या आधी त्यानं एक धूड घेतलं. आमच्या दारात उभं केलं तर अंगणात ऊन येईना. चार चाकांना वेगवेगळं बळ, चिखलाचं वेगळं बटण, वाळूचं वेगळं, दगडाचं वेगळं. छताला खिडकी. सोयाबीनच्या दिवसांत छताला खिडकी! भुसा वरून घ्यायची सोय म्हणून असेल. पुढं ताटाएवढा पडदा, त्यात आपलीच गाडी वरून दिसते, जणू आपण घार आहोत. दार उघडलं की खालून पायरी आपोआप बाहेर येते, बसलं की खुर्ची आपोआप पुढं सरकते. हुजूरपुढं आपण वाकायचो. हे धूड आपल्यापुढं वाकतं. माझ्या गुडघ्यांना ते बरं वाटतं, हे मी कबूल करतो. पण एवढं वाकणारं कुणी भेटलं की मला उगीच त्याचा संशय येतो.

आणि ते बोलतं. गप्प म्हणून बसत नाही. पट्टा लावा, दार नीट लागलं नाही, मागं काहीतरी आहे, पुढं काहीतरी आहे. आत बाई इंग्रजीत रस्ता सांगते, तेरखेड्याचं नाव असं घेते की फटाके बनवणाऱ्या तेरखेडेकरांनी ऐकलं तर बार उडवायचे सोडून हसत बसतील. बाकी वेळ नुसतं टूं टूं टूं. मी विक्रमला विचारलं, "हे काय म्हणतंय सारखं?"

"काय न्हाय अण्णा, सवय करा."

"तुला कळतंय का पण?"

"अण्णा, शंभर गोष्टी सांगतीया ती. समद्या ऐकत बसलो तर जाणार कवा?"

ही गाडी रस्ता सोडून चालण्यासाठी बनवलेली आहे, असं त्यानं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मला हसावं की रडावं कळेना. आमच्या तालुक्यात रस्ता सोडून चालणं ही हौस कधी नव्हतीच, रस्ताच नव्हता. हुजूर काळ्या रानातून गेला, नांगरटीतून गेला, एकदा तर करडईच्या उभ्या पिकातून गेला आणि दादांनी शेतकऱ्याचे पाय धरले. पन्नास वर्षं आम्ही रस्ते मागितले. आता कुठं डांबर झालं, पूल झाले, तर आमची पोरं पैसे मोजून डांबरावरून खाली उतरायला निघाली.

खंडेनवमीचं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, तराजू, लेखणी, ज्याच्यावर पोट आहे ते सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, वर कापड. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. आणि आमच्या घरात दादांचा कडक नियम होता: पुजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायची नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी पूजा पहिल्यांदा मी मांडली. चोविसावं लागलं होतं. सगळं नीट रचलं, आणि हौसेनं मोटारीचं हँडलही आणलं. तेलकट होतं म्हणून सगळ्यांच्या खाली ठेवलं. पाच बोटं कुंकवाची लावली, वर जाड कापड घातलं, त्यावर विळे-कोयते. कुणाला दिसलंही नसेल. नंतर मी ते विसरून गेलो.

दुपारी अचानक पाहुणे आले. तुळजापूरचं दर्शन करून परतताना वाट वाकडी करून आलेले एक बागायतदार. बोलणं चाललं होतं, त्यांची मुलगी माझ्यासाठी. म्हणजे शांताचे वडील. मोठं पागोटं, पांढरं स्वच्छ धोतर, कमी बोलणं. चहा झाला आणि ते एसटी गाठायला फाट्यावर निघाले. मी म्हणालो, "मी सोडतो की मोटारीनं." दादा कुरकुरले, "आज खंडेनवमी हाय रे." पण पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? आमची गल्ली उताराची. मोटार वरच्या तोंडाला लावलेली असायची. ब्रेक सोडला, गडी-माणसांनी जरा रेटलं की चालू व्हायची. हँडलाची आठवण यायचं कारणच पडलं नाही.

भोंगा वाजवत मी ती बाजारातून नेली. मुद्दाम बाजारातून. बशीर मिस्त्री दुकानाच्या बाहेर नुसते बसले होते. त्या दिवशी ते पान्याला हात लावत नसत. "गावचं हत्यार निजलंय, तर माजं बी निजू दे," म्हणायचे. त्यांनी मला हात केला. मी पाहुण्यांसमोर मोठेपणा म्हणून नुसती मान हलवली.

तेरखेड्याच्या वाटेवरच्या ओढ्यात हुजूर बसला. परतीच्या पावसाचं गुडघाभर पाणी, खाली काळी माती. काळ्या मातीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून उपयोग नाही; ती धरते, आणि धरलेलं सोडत नाही. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी रुबाबात खाली उतरलो, मागच्या बैठकीखाली हात घातला. जागा रिकामी. त्याच क्षणी मला ते डोळ्यांसमोर दिसलं: कापडाखाली, विळ्यांच्या तळाशी, कुंकवाची पाच बोटं लावलेलं. अगदी स्वच्छ दिसलं.

पाहुण्यांनी आतून विचारलं, "काय झालं? हँडल कुठंय?"

एवढंच म्हणायचं होतं, "पुजेत राहिलं, विसरलो." हसले असते. कदाचित आवडलंही असतं त्यांना, मुलगा देवभोळा आहे म्हणून. पण मला त्या पागोट्यासमोर बावळट ठरायचं नव्हतं. मी म्हणालो, "आमच्या मिस्त्रीनं ठेवून घेतलं वाटतं. ह्या लोकांचं काय सांगावं." जीभ एवढी सहज चालली की मलाच आश्चर्य वाटलं. 'ह्या लोकांचं' हे दोन शब्द तर कुणी मागितलेही नव्हते.

पाहुणे धोतर गुडघ्यावर धरून चिखलातून चालत गेले. संध्याकाळी दादांनी विचारलं तेव्हा मी तेच पुन्हा सांगितलं. खोट्याचं एक असतं, पहिल्यांदा बोलताना घशाला लागतं, दुसऱ्यांदा पाण्यासारखं उतरतं. दादा तसेच उठले आणि बाजारात गेले. मी मागं मागं. दुसऱ्या दिवसाच्या दसऱ्याची गर्दी, आपट्याच्या पानांचे भारे, झेंडू. त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून दादा ओरडले, "बशीर! हँडल काढ! चोरी करायला माझीच गाडी सापडली का तुला?"

बशीर मिस्त्री उभे राहिले. इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "मालक, आज म्या माज्या पान्याला हात लावला न्हाय. तुमच्या हँडलाला कसा लावीन?"

ते माझ्याकडं बघत होते. मी झेंडूकडं बघत होतो.

दसऱ्याच्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी पुजेतून हँडल काढलं आणि ज्वारीच्या कणगीत खुपसलं. नियमाप्रमाणे उत्तरपूजेआधी वस्तू उचलायची नसते, हे माझ्या मनात आलं. चोर ठरवून झालेला माणूस मनात आला नाही, नियम आला. माणूस किती विचित्र प्राणी आहे.

पुढचं सांगायला फार नाही. लग्न झालं. हँडल चोरणारा मिस्त्री म्हणून एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं. जीपवाले बार्शीला जाऊ लागले. वर्षभरात लिंबाखालचं दुकान बंद झालं आणि बशीर मिस्त्री तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला गेले. वीसेक वर्षं तिकडं. इंजिन ऐकून दुखणं ओळखणारा माणूस सुतळीत दारू भरत बसला. परत वाशीला आले तेव्हा लोक म्हणू लागले, बारांनी कान गेले बिचाऱ्याचे. आता ते सायकली दुरुस्त करतात. गावातली पोरं त्यांना 'हँडल चाचा' म्हणतात. पोरांना वाटतं, सायकलची हँडलं सरळ करून देतात म्हणून ते नाव. त्या नावाचं मूळ माहीत असलेली आता मोजकी म्हातारी माणसं उरली आहेत, आणि खरं मूळ माहीत असलेला मी एकटा.

हुजूरला दादांनी नवं हँडल करून आणलं, ते कधी नीट बसलं नाही. दोन वर्षांनी त्यांनी मोटार लातूरकडच्या कुणाला तरी देऊन टाकली. मोटार गेली, हँडल राहिलं. कणगीतून माळ्यावर, माळ्यावरून नव्या घरात. टाकून द्यायला कितीतरी विहिरी होत्या. टाकवलं नाही. नव्या घरात शांताला ते सापडलं. "ह्ये वाकडं लोखंड कशाचं ओ?" "पंपाचं," मी म्हणालो. आणि तिनं ते मागच्या दाराला लावलं. तेव्हापासून ते पडतं आहे.

आता यंदाची खंडेनवमी. विक्रम सुनेला घेऊन आला होता. धूड दारात, इंजिन चालू, कारण आत गारवा राहिला पाहिजे. बाहेर परतीच्या पावसानं अंगावर शहारा येतोय आणि ह्याला आत गारवा पाहिजे. सुनेनं पूजा मांडली. विळे, खुरपी, माझं शाळेतलं पेन, तिचा लॅपटॉप. मग दारातून हाक मारली, "चावी द्या ओ, पुजेत ठेवायचीय." विक्रमनं खिडकीतून चावी दिली. चावी म्हणजे चावी नव्हे, साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. ही गाडी भोकात चावी घालून सुरू होत नाही. ठोकळा खिशात असला म्हणजे झालं, बटण दाबायचं. सुनेनं ठोकळ्याला हळदकुंकू लावलं आणि कापडाखाली सारला. चाकांखाली लिंबं ठेवली. विक्रम म्हणाला, "चला अण्णा, रानात चक्कर मारून येऊ."

"आज हत्याराला सुट्टी असते."

"गाडी हत्यार थोडीच हाय? आन् चावी ठेवली की पुजेत. देवाला पोचलं."

मी चढलो. चढलो म्हणजे पायरीनं मला उचललं. आणि ते सुरू झालं. टूं टूं टूं. पडद्यावर लाल अक्षरं. "पट्टा असंल," विक्रम म्हणाला. पट्टा लावलेला होता. "मग दार असंल." दार लागलेलं होतं. त्यानं आवाज बंद करायचं बटण शोधलं, आणि सापडल्यावर त्याला फार आनंद झाला.

ओढ्यावर आता पूल आहे. चांगला, सरकारी, कठडे रंगवलेला पूल. विक्रमनं पुलाच्या अलीकडून गाडी खाली घातली. मी ओरडलो, "अरे, पूल आहे की!"

"ऑफ-रोड अण्णा! ह्यासाठीच घेतलीया!"

पूल असताना माणूस ओढ्यात का उतरतो, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण खोटं कशाला बोलू, गाडी गेली. पाण्यातून, काळ्या मातीतून, म्हशीसारखी शांतपणे गेली. हुजूर जिथं बसला त्या जागेवरून ती नुसती हलत-डुलत गेली, आणि पलीकडच्या काठाच्या चिखलात विक्रमनं ती थांबवली, इंजिन बंद केलं आणि फोटो काढायला खाली उतरला. चारी बाजूंनी फोटो. आत आला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पडद्यावर तीच लाल अक्षरं, आता जरा मोठी: चावी सापडत नाही.

त्यानं खिसे चाचपले. मग एकदम कुणाला तरी फोन लावला. परवा धाराशिवला ज्यानं गाडीची सर्व्हिसिंग केली होती त्या मेकॅनिकला. "काय केलंस रे गाडीला? चावीत काय गडबड केलीस? तुमा लोकांच्या हातात गाडी द्यायचीच चूक झाली!"

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचं पाणी त्याच ओढ्यात माझ्या पायांना लागलं. आवाजसुद्धा माझाच होता.

"फोन ठेव," मी म्हणालो.

"थांबा हो अण्णा..."

"विक्रम, फोन ठेव. चावी पुजेत आहे. कापडाखाली. तूच दिलीस."

तो माझ्याकडं बघत राहिला. चेहरा हळूहळू उतरला, मग चिडला. "तुम्हाला ठावं हुतं? मग आधी का न्हाय बोललात?"

त्या गाडीत शंभर सूचना देणारी यंत्रं आहेत, पण एवढा नेमका प्रश्न तिला सुचला नसता. आधी का नाही बोललात. मी खिडकीतून ओढ्याकडं बघत बसलो.

"आता त्याला परत फोन लाव," मी म्हणालो. "सांग, चूक माझी होती."

"राहू द्या की. तेवढ्याचं काय एवढं?"

"लाव. आत्ताच्या आत्ता लाव. पुढं लई अवघड जातं."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं लावला. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, होतं साहेब असं. अर्ध्या मिनिटाचं काम. अर्ध्या मिनिटाचं! सून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरून चावी घेऊन आली तोपर्यंत मी तेवढंच म्हणत होतो.

संध्याकाळी शांताला सांगितलं. दाराचं लोखंड तिच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे माझे वडील चिखलातून गेले ते तुमच्यामुळं?"

"हो."

"आन् मिस्त्री बाजारात दिसले की म्या पदर ओढून तोंड फिरवलं. इतकी वर्षं! सणाला समोर आले तरी बोलले न्हाय." तिनं मेथीची जुडी खाली आपटली. "माझ्या तोंडानं खोटं बोलवलंत तुम्ही, न बोलता." मग ती उचलून सगळी निवडून संपवली. शेवटी म्हणाली, "उद्या दसरा हाय. सोनं द्यायला पयल्यांदा कुणाकडं जायचं, ते मास्तरांना सांगायला नको."

बशीर मिस्त्रींचं आताचं दुकान चहाच्या टपरीला लागून आहे. दसऱ्याची सकाळ, नवे कपडे, आपट्याची पानं देणारे-घेणारे, टपरीवर पंधरा-वीस माणसं. मिस्त्री लाकडी खोक्यावर बसले होते. मी वाकलो. बाजारात, सगळ्यांसमोर, गुडघे धरून वाकलो आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं हँडल त्यांच्यापुढं ठेवलं. कुंकवाचा डाग कधीच गेला आहे. मला मात्र दिसतो. हळूच, त्यांच्या कानाशी म्हणालो, "बशीरभाई, हे माझ्याकडं होतं. तुम्ही घेतलं नव्हतं. मी खोटं बोललो."

त्यांनी कानाला हात लावला. "आं? काय म्हंता मास्तर? ऐकू येत न्हाय. मोठ्यानं."

मी जरा मोठ्यानं म्हणालो. टपरीवरची दोन माणसं वळली.

"आजून मोठ्यानं. बारांनी कान गेलेत."

तेही माझ्याचमुळं, असं मनात आलं. मी छातीत हवा भरली आणि ओरडलो. वर्गातला आवाज अजून आहे माझा. "हँडल तुम्ही घेतलं नव्हतं! ते मी पुजेत ठेवलं होतं! मी तुम्हाला चोर ठरवलं! मी खोटं बोललो!"

कपबशा थांबल्या. मिस्त्री अजून कानाला हात लावून बसलेले. मी चौथ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात टपरीवाला म्हणाला, "मास्तर, घसा का फोडताय? चाचाला मुंगी चालल्याली ऐकू येती."

मी मिस्त्रींकडं पाहिलं. त्यांनी कानावरचा हात काढला.

"येतं ऐकू," ते शांतपणे म्हणाले. "पण माज्या एकट्याच्या कानात सांगून काय उपेग? तुमचे दादा भर बाजारात वरडले हुते. तेवढ्याच मोठ्यानं पायजे."

मग त्यांनी खाली वाकून हँडल उचललं. वजन तोललं. "दसऱ्याचं सोनं लई जड आणलंत," म्हणाले, आणि हसले नाहीत. त्यांची मूठ त्या लोखंडाभोवती बसली, आणि अंगठा बोटांच्या संगट, बाहेरच्या बाजूला. इतक्या वर्षांत तो विसरला नव्हता. मी आपट्याची पानं पुढं केली. त्यांनी ती घेतली, खिशात ठेवली, आणि हँडल दुकानाच्या खिळ्याला अडकवलं. "आता पोरं इच्यारतील, हँडल चाचा का म्हंतेत, तर दाखवाया बरं."

"माफ केलंत का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चा घ्या," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, बशीत चहा ओतता ओतता: "त्या दिशी बाजारात जे हुते त्यातले निम्मे गेले की वो मास्तर. त्यास्नी कोण सांगणार? जे गाव सोडून गेले त्यास्नी? तुमी आत्ता वरडलात ते ह्या टपरीपातूर पोचलं."

ते बरोबर होतं. नेहमीसारखं इंजिन ऐकून त्यांनी दुखणं ओळखलं. म्हणून हे लिहिलं. मोटारींची तुलना करायची म्हणून बसलो होतो आणि ह्या वयात तेवढंही सरळ जमलं नाही. हुजूर चांगला की धूड चांगलं, विक्रम फोनवर रोज विचारतो. दोन्ही ठीक आहेत. बिघाड त्यांच्यात नव्हता.

मागच्या दाराला आता वीट लावली आहे.

ज्यांनी त्या संध्याकाळी वाशीच्या बाजारात माझ्या वडलांचं ओरडणं ऐकलं, किंवा ज्यांच्या वडलांनी, आज्यांनी ते ऐकून घरी सांगितलं, त्यांच्यासाठी पुन्हा एकदा, सुटं आणि सरळ लिहितो. बशीर मिस्त्रीनं हुजूरचं हँडल घेतलं नव्हतं. ते मी माझ्या हातानं पुजेत ठेवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

घरात कुणी असेल तर हे वाक्य मोठ्यानं वाचा.